कीबोर्ड साफ करायचा डबा काउंटरच्या मागे ठेवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ड्रग्जच्या बातम्या नाशिककरांना आता नवीन राहिलेल्या नाहीत. २०२३ मध्ये शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी येऊन पकडला, तेव्हापासून तर शाळेच्या पालकसभेतसुद्धा हाच विषय असतो. पण मी ज्या वस्तूबद्दल लिहितोय ती पकडायला कुठलेच पोलीस येणार नाहीत, कारण ती विकणं, विकत घेणं, दप्तरात ठेवणं सगळं कायदेशीर आहे. कॉम्प्युटर, कीबोर्ड, कॅमेरा साफ करायचा तो गॅसचा स्प्रे, ज्याला लाल नळी लावलेली असते, एअर डस्टर. मी कॉम्प्युटर-लॅपटॉप रिपेअरिंग करतो, ही वस्तू रोज वापरतो आणि विकतोही, त्यामुळे वस्तू वाईट आहे असं मी म्हणणार नाही, बारीक कामात तिचा उपयोग आहेच. पण ती काय आहे हे घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं आणि विकणाऱ्यालाही बरेचदा नसतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, डब्यावर काहीही लिहिलेलं असो, त्यात हवा नसते. एवढ्याशा पत्र्याच्या डब्यात साधी हवा भरली तर चार फुसकाऱ्यांत संपून जाईल. आत असतो डायफ्लुरोइथेन नाहीतर टेट्राफ्लुरोइथेन, म्हणजे एसी-फ्रीजवाले ज्यांना १५२ए आणि १३४ए म्हणतात ते गॅस, दाब देऊन पातळ करून भरलेले. डबा हलवला की आत काहीतरी डुचमळतं ते हेच. हा पातळ गॅस साधारण उणे पंचवीस डिग्रीला उकळतो, म्हणजे आपल्या घरातल्या टेंपरेचरला तो डब्यातून सुटायलाच बघत असतो, आणि बटण दाबलं की उकळायला लागणारी उष्णता तो डब्याच्या पत्र्यातूनच ओढून घेतो, म्हणून दोन मिनिटं सलग मारलं की डबा हातात बर्फासारखा गार पडतो आणि बाहेरून दव धरतं. तसं झालं की लोक काय करतात, प्रेशर कमी झालं म्हणून डबा जोरजोरात हलवतात, आडवा करतात, उलटा करतात. मग नळीतून गॅसऐवजी पातळ द्रवच बाहेर येतो, मदरबोर्डवर पांढरं पडतं, आणि बोटावर पडला तर कातडी भाजल्यासारखी होते. भाजणं उष्णतेनेच होतं असं नाही, एवढ्या थंडीनेही फोड येतात. डोळ्यात गेलं तर विचारूच नका.

वापरायची रीत अवघड काहीच नाहीये. मशीन बंद, प्लग काढलेला, बॅटरी निघत असेल तर ती काढलेली, आणि मशीन चालू होतं तर थोडा वेळ गार होऊ द्यायचं. डबा सरळ उभा धरायचा, लहान लहान फुसकारे मारायचे, मधे थांबायचं, खिडकी उघडी. फॅनवर मारताना पातं बोटाने नाहीतर काडीने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं, आणि गिऱ्हाईक म्हणतं तुमच्याकडे आणायच्या आधी आवाज येत नव्हता.

पण खरा धोका विस्तवाचा, आणि तो आपल्याकडे जास्त आहे असं माझं मत. दुकान उघडलं की प्रत्येक जण पहिली उदबत्ती लावतो, मी पण लावतो. सकाळच्या वेळी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून साफसफाईची कामंही तेव्हाच काढली जातात. १५२ए हा गॅस सरळसरळ पेट घेणारा आहे आणि हवेपेक्षा दुपटीहून जड आहे, म्हणजे छोट्या केबिनमध्ये तो वर निघून जात नाही, टेबलाखाली, कॅबिनेटच्या आत, कोपऱ्यात बसून राहतो. तिथे गणपतीच्या फोटोपुढे उदबत्ती, बाजूला सोल्डरिंग आयर्न गरम, पलीकडे हॉट एअर गन चालू, आणि शटर अर्धं खाली कारण बाहेर ऊन. लेझर प्रिंटर आत्ताच चालवून उघडला असेल तर त्याचा फ्युजर, म्हणजे कागदावर शाई पक्की करणारा भाग, तापलेला असतो, कागद फाडायच्या श्रेडरमध्ये मोटरची ठिणगी असते. या दोन्हीत पेटणारा स्प्रे मारायचा नाही, हा नियम मी माझ्याकडच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. शिवाय हा गॅस जळला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते छातीत गेलं तर आगीपेक्षा वाईट. वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या पेटलेल्या असताना त्यावरून स्नो स्प्रे मारून तोंड भाजून घेतलेल्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर बघितलेत, तरी पुढच्या बर्थडेला तेच चालू असतं. तो स्प्रे वेगळा, पण आतला, स्प्रे बाहेर ढकलणारा गॅस पेटणारा असला की व्हायचं ते तेच होतं.

उन्हाळ्याचंही सांगतो. अशा डब्यांवर पन्नास डिग्रीच्या वर ठेवू नका असं छापलेलं असतं. आता एप्रिल-मे महिन्यात जळगाव, अकोला, चंद्रपूरला बाहेरच त्रेचाळीस-पंचेचाळीस असतं, तिथे काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किती होत असेल याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. साइट व्हिजिटला जाणारे आमचे टेक्निशियन लोक बॅग गाडीच्या डिकीत टाकून जेवायला जातात त्यांच्यासाठी हे खास. आणि रिकामा वाटणारा डबा जाळायचा नाही, भोक पाडायचं नाही, त्यात थोडा गॅस राहिलेला असतोच.

आता काही लोक म्हणतील आम्ही डबा वापरतच नाही, आम्ही सीपीयू उचलतो आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणतो. हे पण अर्ध्या महाराष्ट्रात चालतं. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल जमलेलं असतं ते बोर्डवर जातं हा एक भाग, पण प्रेशर शंभर पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचं प्रेशर मोजायचं माप) वर असतं हा मोठा भाग. अमेरिकेत कामगारांसाठी नियम आहे की साफसफाईला वापरायची हवा तीस पीएसआयच्या खाली पाहिजे. आपल्या सातपूर-अंबड एमआयडीसीत, कुठल्याही गॅरेजमध्ये बघा, सुट्टी झाली की कामगार कॉम्प्रेसरच्या हवेच्या गनने अंगावरची, केसातली धूळ उडवतात, आणि मग चेष्टामस्करी सुरू होते. ही मस्करी जिवावर बेततेय. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूला गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मित्रानेच मस्करीत एका तरुणाच्या गुदद्वारात हवा मारली, त्याची आतडी फाटली आणि तो गेला. असे गुन्हे आपल्या राज्यातही दाखल झालेत. कपड्यावरून मारली तरी हवा आत जाते, आतड्याला फुगायला जागा नसते. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्या मालकांनी निदान एवढं सांगायला हवं की माणसाच्या अंगाकडे गन धरली तर दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही.

पण मला पत्र लिहावंसं वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. मधे दोन पोरं दुकानात आली, नववी-दहावीतली असतील, पाठीला क्लासची दप्तरं. डस्टर आहे का विचारलं, आहे म्हटलं. कोणता जास्त वेळ चालतो, असं विचारलं. मी म्हटलं काय साफ करायचंय, पीसी का लॅपटॉप, तर पीसी म्हणाले. प्रोसेसर कोणता, तर एकमेकांकडे बघून हसायला लागले. हल्ली या वयाच्या पोराला त्याच्या पीसीचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड पाठ असतं, परीक्षेचा टाइमटेबल पाठ नसला तरी. मी म्हटलं घरून वडिलांना फोन लावून द्या मग देतो, तर नको नको म्हणून गेली. त्यांच्या मनात काय होतं मला खरंच माहीत नाही, कदाचित काहीच नसेल, उगाच कुणावर संशय घ्यायचा नाहीये. पण मी नाही म्हटल्याने त्यांचं काय अडलं, ऑनलाइन मागवलं की दुसऱ्या दिवशी दारात येतो, वय कोण विचारतंय.

हा गॅस नशेसाठी हुंगतात हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आलं असेल. कसं हुंगतात ते मी लिहिणार नाही आणि तुम्हीही कृपया कधी छापू नका. पण हुंगल्यावर शरीरात काय होतं ते आईबापांना माहीत पाहिजे. माझी भाची एमबीबीएस करून आता इंटर्नशिप करतेय, तिने समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. हा जड गॅस फुप्फुसात गेला की ऑक्सिजनची जागा घेतो आणि काही सेकंदांत मेंदूला चढतो, नशा एक-दोन मिनिटांत उतरते म्हणून पोरं परत परत घेतात. पण याहून वाईट म्हणजे तो हृदयाला ॲड्रिनलिनच्या बाबतीत अतिशय हळवं करून ठेवतो. आपण दचकलो, घाबरलो, पळालो की अंगात ॲड्रिनलिन सुटतं, एरवी त्याने फक्त छाती धडधडते. हा गॅस अंगात असताना त्याच ॲड्रिनलिनने हृदयाचे ठोके एकदम बेताल होतात, हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलतच नाही, आणि माणूस जागेवर कोसळतो. अमेरिकेत १९७० मध्ये बास नावाच्या डॉक्टरांनी अशा एकशे दहा तरुण पोरांच्या मृत्यूंचा अभ्यास छापला होता, तेव्हा हे डस्टर नव्हते, दुसरे स्प्रे आणि सॉल्व्हंट होते, पण मरायची तऱ्हा हीच. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांना हे माहीत आहे.

यातली सगळ्यात भयंकर गोष्ट अशी की हे पहिल्याच वेळेला होऊ शकतं. दारूचं, गुटख्याचं आपण म्हणतो की सवय लागली की वाट लागते, इथे सवय लागायचीसुद्धा वाट बघावी लागत नाही. ‘एकदा ट्राय करून बघितलं’ हे वाक्य बोलायला तो पोरगा उरेलच असं नाही. आणि जे बरेच दिवस घेत राहतात त्यांचं वेगळंच, हातापायाच्या नसा, स्मरणशक्ती जाते, आणि या गॅसमधल्या फ्लोरिनने हाडं खराब झालेले पेशंट अमेरिकेत सापडलेत. हाडांचा फ्लोरोसिस काय असतो हे आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या गावांना वेगळं सांगायला नको, तिथे ते बिचारे विहिरी-बोअरच्या पाण्याने भोगतायत, आणि इथे पोरं पैसे देऊन विकत घेणार.

अमेरिकेत हा प्रकार किती पुढे गेलाय बघा. ॲरन कार्टर नावाचा गायक, लहानपणापासून स्टार होता, नोव्हेंबर २०२२ मध्ये घरच्या बाथटबमध्ये मेलेला सापडला. बुडून मृत्यू, पण तो बुडाला कशाने तर हाच डायफ्लुरोइथेन आणि सोबत अल्प्राझोलम नावाची गोळी, असं तिथल्या कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या रिपोर्टात आलं. २०२५ मध्ये ॲरिझोनात एकोणीस वर्षांची मुलगी अशीच गेली, सोशल मीडियावर चाललेल्या ‘डस्टिंग’च्या फॅडपायी, तिचे आईवडील नंतर टीव्हीवर येऊन बाकीच्या पालकांना सावध करत होते. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने २०१२ ते २०२१ या काळात असे डस्टर हुंगून हजाराच्या वर माणसं गेली. २०२४ मध्ये त्या आयोगाने प्रस्ताव मांडला की एका डब्यात हे गॅस १८ मिलिग्रॅमच्या वर नकोत, म्हणजे अशा डब्यावर जवळपास बंदीच. कंपन्या त्यात कडू चव देणारं डेनाटोनियम घालतात, त्याने झालं एवढंच की माझ्यासारख्याची बोटं दिवसभर कडू लागतात. हुंगणारे काही थांबले नाहीत.

आपल्याकडे डस्टरचं एवढं प्रस्थ नाही, अजून तरी. पण हुंगायची नशा आपल्याला नवीन आहे असं कोणी समजू नये. रेल्वे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पुलाखाली, पंक्चरचं सोल्युशन फडक्यात घेऊन बसलेली पोरं कुणी बघितली नाहीत? आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो. ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेला देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात सगळ्या नशांमध्ये हुंगायची नशा ही एकच अशी निघाली की जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त आहे. सुमारे चार लाख साठ हजार मुलांना या नशेसाठी मदतीची गरज आहे असं त्यात म्हटलंय, आणि जास्त आकडा असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. आत्तापर्यंत आपण समजत होतो हे फुटपाथवरच्या पोरांचं दुखणं. डस्टरचा डबा मात्र चार-पाचशे रुपयांना येतो, तो फुटपाथवरचं पोर नाही घेणार, तो घेणार आपल्या सोसायटीतला, ज्याच्या कपाटात डबा सापडला तरी आई म्हणेल किती छान, कॉम्प्युटर स्वच्छ ठेवतो.

कायद्याचं म्हणाल तर हे गॅस एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येत नाहीत, त्यामुळे पोलीस काही करू शकत नाहीत आणि मला वाटतं करूही नये, पंधरा वर्षांच्या पोराला लॉकअपमध्ये टाकून काय मिळणार. पण विक्रीला चाप लावता येतो हे आपण एकदा बघितलंय. २०१२ मध्ये केंद्राने बाटलीतल्या व्हाइटनर आणि त्याच्या थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली, पेनातला व्हाइटनर चालू ठेवला. कुणाचं ऑफिस बंद पडलं का? नाही पडलं. सगळ्यांनी पेन घेतला. इथेही तसंच आहे, डबा नसेल तर माझं दुकान बंद पडणार नाही. हजार-दीड हजाराचा इलेक्ट्रिक ब्लोअर वर्षानुवर्षं चालतो, आता तर चार्जिंगवर चालणारेही मिळतात, कॅमेऱ्याला रबरी बल्बचा ब्लोअर आहे, कीबोर्डला पेंटिंगचा कोरा ब्रश पुरतो. घरी एक लॅपटॉप असलेल्या माणसाला गॅसच्या डब्याची गरज जवळजवळ नसतेच, हे मी तो विकून चार पैसे कमावणारा माणूस सांगतोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अठरा वर्षांखालच्याला हा डबा द्यायचा नाही असा नियम शासनाने करावा, ऑनलाइन विकणाऱ्यांनाही तो लागू असावा नाहीतर त्याला काही अर्थ नाही, डिलिव्हरी देताना ओटीपी मागता तसं वय पण बघा. डब्यावर आतला गॅस कोणता, पेटतो का नाही, आणि हुंगल्याने मृत्यू येऊ शकतो हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात असावं, आत्ता ते मुंगीएवढ्या इंग्रजीत असतं. नियम येईल तेव्हा येईल, तोपर्यंत माझ्या धंद्यातल्या मंडळींना, इथल्या एमजी रोडच्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या, हात जोडून विनंती की डबा शोकेसमध्ये ठेवू नका, काउंटरच्या मागे ठेवा, आणि शाळेचं पोरगं आलं तर प्रोसेसर कोणता हे विचारून बघा. शाळांना एक सांगणं, याच्यावर जनजागृती म्हणून पोरांना व्हिडिओ दाखवत बसू नका, ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळेल. बोलायचं ते पालकांशी आणि शिक्षकांशी बोला. कपाटात, गादीखाली, बाथरूममध्ये कारण नसताना रिकामे डबे सापडले, नळ्या सापडल्या, तोंडाभोवती लाल चट्टे, अचानक तोल गेल्यासारखं बोलणं, तर विचारा. ओरडू नका, विचारा.

आणि समजा समोरच कोणी असं करताना दिसलं तर काय करायचं? आपली पहिली प्रतिक्रिया म्हणजे जोरात ओरडणं, कॉलर धरणं, कानाखाली देणं, नाहीतर पोरगं पळालं तर मागे धावणं. हे अजिबात करायचं नाही. वर सांगितलं ना, दचकला किंवा पळाला की हृदय बंद पडू शकतं. शांत आवाजात बोलायचं, हातातला डबा हळूच काढून घ्यायचा, खिडक्या उघडायच्या, त्याला बसवायचं, आसपास काडी-लायटर पेटवायचं नाही. बेशुद्ध झाला, श्वास घेत नसेल तर लगेच १०८ ला फोन आणि छाती दाबायला सुरुवात, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दाबणं थांबवायचं नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की गॅस हुंगलाय आणि तो डबा सोबत न्यायचा, इज्जतीचा विचार करून फिट आली, चक्कर आली असं सांगू नका, कारण नेहमीच्या रक्ता-लघवीच्या तपासणीत हा गॅस दिसत नाही आणि अशा पेशंटला कोणती औषधं टाळायची ते डॉक्टरांना त्यावरूनच ठरवावं लागतं. जीव वाचल्यावर पुढच्या मदतीसाठी केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, लहान मुलांसाठी १०९८ आहे, दोन्हीला पैसे लागत नाहीत.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करायला माझी हरकत नाही, कॉम्प्रेसरचं काढा, ॲरन कार्टरचं काढा, माझ्या दुकानाचं तर नक्की काढा, पण हा वरचा परिच्छेद तेवढा पूर्ण छापा.

आपला नियमित वाचक,
एक कॉम्प्युटर रिपेअरिंगवाला, नाशिक